शाळेसमोरून राज्य महामार्ग, ग्रामसभेचा गतिरोधकाचा ठराव परत आला. आता काय?

वेस_आणि_वाट

नमस्कार मंडळी. गाव साधारण साडेतीन हजार वस्तीचं, मधून राज्य महामार्ग जातो. रस्ता दुपदरी. गेल्या उन्हाळ्यात डांबराचा नवा थर पडला आणि गाड्यांचा वेग एकदम वाढला. जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा एका अंगाला, गावठाण आणि एसटीचा थांबा दुसऱ्या अंगाला. सकाळी आणि शाळा सुटताना सगळी मुलं हाच रस्ता ओलांडतात. शाळेच्या अलीकडे एक वळण आहे, त्याच्या आतल्या बाजूला वेड्या बाभळी माजल्या आहेत. नव्या थरामुळे डांबराची कड आणि साइडपट्टी यांत वीतभर फरक पडलाय.

ग्रामसभेत ठराव झाला : "शाळेसमोर गतिरोधक बसवावा." तो पंचायत समितीकडे पाठवला, तिथून "सदर रस्ता या कार्यालयाच्या अखत्यारीत नाही" म्हणून परत आला. आता तरणी मंडळी म्हणतात, परवानगीची वाट बघण्यापेक्षा रात्रीतून सिमेंटचा उंचवटा घालू.

जाणकारांनी सांगावं : अर्ज नेमका कोणाकडे करायचा? राज्य महामार्गावर गतिरोधक मिळतो का, नसेल तर काय मिळतं? ग्रामपंचायतीला स्वतःचा पैसा लावता येतो का? आणि अपघात बरेच झाले असले तरी कागदावर फारसे नाहीत, त्याचं काय करायचं?

सडक_मोजणी

आधी पत्ता. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम (सा. बां.) विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. गावठाणातले आतले रस्ते ग्रामपंचायतीचे. राष्ट्रीय महामार्ग असेल तर प्राधिकरण किंवा सा. बां.ची राष्ट्रीय महामार्गाची वेगळी शाखा. तुमच्या बाबतीत पंचायत समितीचा काही संबंधच येत नाही. अर्ज तालुक्याच्या सा. बां. उपविभागात, उपविभागीय अभियंत्यांच्या नावे जायला हवा आणि प्रत कार्यकारी अभियंत्यांना.

रस्ता नक्की कोणाचा हे किलोमीटरच्या दगडावरून कळतं. माथा पिवळा तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा तर राज्य महामार्ग, काळा किंवा निळा तर जिल्हा मार्ग, केशरी तर ग्रामसडक योजनेतला. पण दर्जा बदलला तरी दगड वर्षानुवर्षं जुन्याच रंगाचे राहतात, म्हणून उपविभागात विचारून रस्त्याचा क्रमांक लिहून घ्या.

दुसरी गोष्ट, जागा. अभियंत्याला "शाळेसमोर" म्हणजे काही कळत नाही, त्याचं सगळं काम साखळीवर, म्हणजे किलोमीटरच्या दगडापासून मोजलेल्या अंतरावर, चालतं. किलोमीटरच्या दोन दगडांमध्ये दर २०० मीटरला छोटे दगड असतात, त्यांवर २, ४, ६, ८ असे आकडे. शाळेचं फाटक ४२ क्रमांकाच्या दगडापुढे ४०० मीटरवर असेल तर जागा "कि.मी. ४२/४००". दगड गाडले गेले असतील तर टेपने मोजा. वळणाची सुरुवात, शाळेचं फाटक, थांबा, गावातला रस्ता मुख्य रस्त्याला मिळतो ती जागा आणि गावाची दोन्ही टोकं, या सगळ्यांची साखळी काढून एका कागदावर हाताने नकाशा काढा. हा कागद दहा निवेदनांपेक्षा जास्त काम करतो.

आता ठरावाचा मजकूर. "गतिरोधक बसवावा" एवढंच लिहिलं की नकार देणं सोपं जातं. भारतीय रस्ते काँग्रेसची आयआरसी ९९ ही वेग कमी करण्याच्या उपायांची मार्गदर्शिका आहे आणि तिचा रोख असा की गतिरोधक गावातल्या व दुय्यम रस्त्यांवर असावेत, मोठ्या मार्गाच्या मुख्य वाहतुकीत नसावेत. राष्ट्रीय महामार्गांवरचे गतिरोधक काढून टाकायला केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१६ मध्येच सांगितलं. त्यामुळे एका वस्तूची मागणी करू नका, धोका मांडा आणि उपायांचा संच मागा. साधारण असा मजकूर :

"राज्य महामार्ग क्र. __, कि.मी. __ ते __ हा भाग वस्तीतून जातो. कि.मी. __ येथे जि. प. शाळा असून __ विद्यार्थी रोज रस्ता ओलांडतात. वळणामुळे फाटकापासून __ मीटरपलीकडचे वाहन दिसत नाही. सदर भागाची पोलीस व परिवहन विभागासह संयुक्त पाहणी करून पुढील उपाय करावेत : वेगमर्यादेचे व शाळेचे परावर्ती फलक, गावाच्या दोन्ही टोकांना आडव्या थर्मोप्लास्टिक पट्ट्यांचे संच, झेब्रा पट्टे, वळणाच्या आतील झाडोरा काढणे, साइडपट्टी मुरुमाने भरणे. यांपैकी जो उपाय शक्य नसेल त्याचे कारण व पर्याय लेखी कळवावा."

शेवटचं वाक्य गाळू नका. त्यामुळे नुसता नकार कळवून फाइल बंद करता येत नाही.

ठराव मासिक सभेचा नको, ग्रामसभेचा हवा. सात दिवस आधी नोटीस, गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली कमी असेल ती. त्याआधीच्या महिला ग्रामसभेतही हाच विषय घ्या, कारण मुलांना रस्ता ओलांडून देण्याचं काम बहुतेक गावांत बायकाच करतात आणि कोणत्या वेळी काय होतं हे त्यांनाच अचूक माहीत असतं. शाळा व्यवस्थापन समितीचा वेगळा ठराव सोबत जोडा. प्रती पोलीस ठाण्याला, उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाला आणि जिल्हाधिकाऱ्यांना. जिल्हाधिकाऱ्यांच्या नावापुढे "अध्यक्ष, जिल्हा रस्ता सुरक्षा समिती" असं लिहा, म्हणजे कागद योग्य टेबलावर जाईल. प्रत्येक ठिकाणी आवक क्रमांक आणि शिक्क्याची पोच घ्या.

खडी_डांबर

रात्रीच्या सिमेंटच्या उंचवट्याबद्दल लिहितो, कारण हे काम आधी थांबायला हवं.

नियमातला गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि गाडीच्या दिशेने ३.७ मीटर रुंद असतो, वरचा गोलावा १७ मीटर त्रिज्येचा. म्हणजे चढ इतका सावकाश की ताशी २५ किलोमीटरने गाडी धक्क्याशिवाय जाते आणि त्यापेक्षा जोरात गेली तरच दणका बसतो. गावात हाताने घातलेला उंचवटा बहुधा फूट-दीड फूट रुंद आणि १५ ते २० सेंटिमीटर उंच असतो. त्यावर ताशी १० ने गेलं तरी मोटारीचा तळ घासतो. ट्रकचं मोठं चाक मात्र त्याला फारसं जुमानत नाही. फटका बसतो तो दुचाकीला, त्यातही मागे एका बाजूला पाय सोडून बसलेल्या बाईला. मुलांना वाचवायला घातलेला उंचवटा रात्री परगावच्या माणसाचा जीव घेतो.

शिवाय जबाबदारी. परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यात अडथळा करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खालचा गुन्हा आहे आणि त्यावर पडून कोणी मेलं तर निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूचं कलम १०६ लागू शकतं. "गावाने घातला" असं म्हणून चालत नाही. सिमेंट कोणी आणलं, ट्रॅक्टर कोणाचा, इथपर्यंत चौकशी जाते.

मुख्य रस्त्यावर गतिरोधक नाही मिळाला तरी एका जागी तो जरूर मागा : गावातला रस्ता महामार्गाला जिथे मिळतो तिथे, गावातल्या रस्त्यावर, महामार्गाच्या कडेपासून साधारण १० मीटर आत. गावातून भुर्रकन बाहेर पडणारी दुचाकी हे अशा तिठ्यांवरच्या अपघाताचं नेहमीचं कारण असतं. तो रस्ता तुमच्या ग्रामपंचायतीचाच, म्हणजे तिथे पुढाकार तुम्हीच घेऊ शकता. फक्त माप नियमाचं ठेवा. करताना लाकडी फळीचा साचा कापून घ्या : ३.७ मीटर लांब, मध्यभागी १० सेंटिमीटर, कडांना शून्य. दर अर्ध्या मीटरला हा साचा टेकवून डांबरी मिश्रण दाबायचं. दोन्ही टोकांना गटाराकडे उतार द्या, पाणी जायला जागा ठेवा. उंचवटा गटाराच्या भिंतीला चिकटवला की पाणी अडतं, आणि पहिल्याच पावसाळ्यात त्याच्या अलीकडे खड्डा पडतो. अलीकडे ४० मीटरवर सूचना फलक आणि वर रंगाचे पट्टे हवेतच. बोल्टने बसवायचे रबरी तुकडे घेऊ नका. जड ट्रॅक्टरखाली ते सुटतात आणि बोल्ट वर राहून टायर फाडतात.

मुख्य रस्त्यावरच्या आडव्या थर्मोप्लास्टिक पट्ट्यांबद्दल मात्र थोडं सावध करतो. त्यांनी गाडी थांबत नाही, चालक जागा होतो. म्हणून त्या शाळेच्या फाटकाशी लावून उपयोग नाही, गावात शिरण्याआधी लावायच्या. घराच्या भिंतीजवळ लावल्या तर रात्रभर खडखड होते आणि महिन्याभरात तेच गावकरी त्या उखडून टाकायला सांगतात. पट्ट्या साइडपट्टीच्या कडेपर्यंत नेल्या नाहीत तर दुचाक्या कडेने, म्हणजे नेमक्या चालणाऱ्या माणसांच्या अंगावरून, वाट काढतात.

रंगही तपासा. गरम थर्मोप्लास्टिकचा थर २.५ मिलिमीटर जाडीचा, ओला असतानाच वरून काचेचे बारीक मणी पसरलेले. ते मणी नसतील तर रात्री पट्टा दिसत नाही. साध्या ऑइलपेंटचा झेब्रा एका पावसाळ्यात जातो.

नोंदवही

"कागदावर फारसे नाहीत" हा तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, म्हणून त्यावरच लिहितो.

पोलीस आता अपघाताची नोंद ई-डार या संगणक प्रणालीत करतात, जागेच्या अक्षांश-रेखांशासह. अपघातप्रवण जागा त्यातूनच ठरते. केंद्रीय मंत्रालयाने राष्ट्रीय महामार्गांसाठी ठरवलेली व्याख्या अशी : साधारण ५०० मीटरच्या टप्प्यात तीन कॅलेंडर वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, किंवा १० मृत्यू. राज्यातल्या इतर रस्त्यांचा विचार करतानाही हाच मापदंड डोळ्यांसमोर असतो. आता गावात काय होतं? धडक बसते, दोन्हीकडची माणसं जमतात, दवाखान्याचा खर्च ठरतो, तडजोड होते. पोलिसांत कोणी जात नाही. हाड मोडलं तरी कायद्याने ती गंभीर दुखापत असते, पण यंत्रणेच्या लेखी त्या जागी काही घडलेलंच नसतं.

जुन्या अपघातांसाठी असं करा. पोलीस ठाण्यात माहिती अधिकाराचा अर्ज द्या : "कि.मी. __ ते __ या भागात मागील तीन वर्षांत नोंदवलेल्या अपघातांची तारीख, वेळ, ठिकाण, वाहनप्रकार, मृत व जखमींची संख्या." जखमींची नावं मागू नका, त्यावरून अर्ज अडतो. अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत. प्राथमिक आरोग्य केंद्रात अपघाताच्या जखमींची नोंद असते आणि १०८ रुग्णवाहिका कुठे बोलावली गेली याचीही. तिथेही फक्त संख्या आणि तारखा मागा. मग तुमच्या हातच्या नकाशावर प्रत्येक अपघात एका ठिपक्याने दाखवा. दिवसाचा वेगळा रंग, रात्रीचा वेगळा. ठिपके वळणावर गर्दी करतात, तिठ्यावर की थांब्याजवळ, हे बघूनच उपाय ठरतो. रात्रीचे ठिपके जास्त असतील तर आधी दिवे आणि परावर्ती फलक मागायचे. शाळेच्या वेळचे जास्त असतील तर झेब्रा आणि वेग.

यापुढे प्रत्येक धडकेची नोंद ठाण्यात व्हायलाच हवी, तडजोड झाली तरी. जखमीच्याही फायद्याचं आहे ते. धडक देऊन पळालेलं वाहन सापडलं नाही तर १ एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या योजनेत मृताच्या वारसांना २ लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार रुपये मिळतात. अर्ज महसूलच्या उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे करायचा, पण पोलिसांतली नोंद नसेल तर तो टिकणार कशावर? मदत करणाऱ्याने घाबरायचं कारण नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ ने त्याला संरक्षण आहे आणि नाव सांगायची सक्ती करता येत नाही.

वेगाचा पुरावाही घरच्या घरी काढता येतो. साइडपट्टीवर एकमेकांपासून मोजून १०० मीटरवर दोन चुन्याच्या खुणा करा. रस्त्यापासून दूर, दोन्ही खुणा दिसतील अशा उंचावरून मोबाइलवर चित्रण करा. पहिली खूण ओलांडल्यापासून दुसरीपर्यंत किती सेकंद लागले ते बघा. ३६० ला त्या सेकंदांनी भागलं की ताशी वेग. साडेचार सेकंद म्हणजे ताशी ८०. शंभर गाड्यांचे वेग चढत्या क्रमाने लिहा आणि त्यातला ८५ वा आकडा अर्जात द्या, रस्ते अभियंते हाच आकडा बघतात. हवा चांगली आणि रस्ता मोकळा असतानाचीच मोजणी धरा, गर्दीच्या वेळची नको.

त्याला दुसरा हिशेब जोडा. सात मीटरचा रस्ता ओलांडायला लहान मुलाला सात सेकंद लागतात. ताशी ८० ची गाडी तेवढ्यात १५५ मीटर येते, ताशी ५० ची ९७ मीटर. आता फाटकात मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, जमिनीपासून एक मीटरवर, मोबाइल धरून वळणाकडचं किती अंतर दिसतं ते मोजा. ६० मीटर निघालं तर वेगळं काही लिहावं लागणार नाही.

वेस_आणि_वाट

फार उपयोगी. मोजणी या आठवड्यातच करतो, आणि सिमेंटचा विचार मंडळींनी सोडलाय. दोन शंका उरतात. सरपंच म्हणतात, वित्त आयोगाचा पैसा महामार्गावर एक रुपयाही लावता येत नाही, लेखापरीक्षणात वसुली निघेल. आणि थांब्याच्या दोन्ही बाजूंना टपऱ्या आहेत, त्यांच्यामुळे एसटी रस्त्यातच उभी राहते. त्या हटवायच्या कोणी?

दप्तर_नमुना_८

सरपंचांची भीती अर्धी खरी आहे. वित्त आयोगाचा बंधित निधी पाणी आणि स्वच्छतेसाठीच. अबंधित निधी मात्र राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीतल्या विषयांवर खर्च करता येतो आणि त्यात रस्तेही आहेत. अडचण मालकीची आहे. दुसऱ्या खात्याच्या रस्त्यावर त्या खात्याच्या ना-हरकतीशिवाय खर्च केला तर आक्षेप येणारच. त्यामुळे क्रम असा ठेवा : काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात घ्या, सा. बां.ची लेखी ना-हरकत घ्या, शाखा अभियंत्यांकडून अंदाजपत्रक, उपअभियंत्यांची तांत्रिक मान्यता, मग ग्रामपंचायतीची प्रशासकीय मान्यता. काम झालं की मोजमाप पुस्तिकेत नोंद आणि काम सुरू होण्याआधीचे व नंतरचे फोटो. आराखड्यात नसलेलं काम मध्येच घुसवलं, वसुली बहुतेक तिथूनच निघते.

मुळात महामार्गाचं डांबर तुम्ही करायचंच नाही, ते त्यांचं काम. तुमच्या हातात भरपूर आहे. झेब्राच्या जागी दिवा द्या, ते ग्रामपंचायतीचं कामच आहे. पण खांब पट्ट्यांच्या बरोबर वर नको. गाडी ज्या बाजूने येते तिकडे थोडा अलीकडे घ्या, म्हणजे उजेड ओलांडणाऱ्या माणसाच्या गाडीकडच्या अंगावर पडतो आणि चालकाला तो दिसतो. बरोबर डोक्यावर किंवा पलीकडे दिवा असेल तर माणसाची नुसती काळी आकृती दिसते. दोन्ही दिशांसाठी दोन दिवे लागतात.

शाळेचं फाटक. ते महामार्गावर उघडत असेल आणि बाजूने गल्ली असेल तर फाटक गल्लीत घेणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. शाळा सुटली की मुलं एकदम पळतात, आणि मध्ये वीस-पंचवीस मीटरची गल्ली असली तर ती गल्लीतच पांगतात. मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा. जुनं फाटक बंद करायला कुलूप पुरत नाही, तिथे भिंतच घाला.

पाइपलाइनचे चर हा विषय कोणी काढला नाही, म्हणून मी काढतो. नळपाणी योजनेसाठी साइडपट्टी खोदली जाते आणि चर सुट्या मातीने बुजवला जातो. पावसात ती बसते, मग डांबराच्या कडेला लांबच लांब खाच तयार होते. साइडपट्टीचं पत्र सा. बां.ला देण्याआधी हा खड्डा आपल्याच योजनेचा नाही ना हे बघा. असेल तर ठेकेदाराचं शेवटचं बिल देण्याआधी चर पुन्हा उघडून १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांत मुरूम भरून, पाणी मारून, धुमसून घ्या. एकदम भरून वर रोलर फिरवला तर वरचाच थर दाबला जातो, खालचा पोकळ राहतो.

टपऱ्या. जागा गावठाणातली, ग्रामपंचायतीच्या ताब्यातली असेल तर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५३ खाली अडथळा काढायचा अधिकार ग्रामपंचायतीला आहे. महामार्गाच्या हद्दीत असतील तर अधिकार सा. बां.चा. हद्द कुठे, यावर वाद होतोच, म्हणून आधी भूमी अभिलेखाची मोजणी मागा. आणि एक गोष्ट आजपासून बंद करा : महामार्गाच्या हद्दीतल्या टपरीला नमुना ८ ला, म्हणजे कर आकारणीच्या वहीत, नोंद किंवा विजेसाठी दाखला देणं. एकदा कर भरल्याची पावती हातात आली की उठवणं कठीण होतं. टपरीवाले गावचेच असतात, त्यांचं पोट त्यावर आहे. ग्रामपंचायतीच्या जागेत आत सरकवून गाळ्याची सोय करून दिली तर भांडण होत नाही, आणि पुन्हा महामार्गावर येत नाहीत.

थांबा हलवायचा तर अर्ज आगार व्यवस्थापकांकडे. थांबा झेब्राच्या पुढे हवा, म्हणजे एसटी झेब्रा ओलांडून मग उभी राहील आणि उतरलेली माणसं एसटीच्या मागून रस्ता ओलांडतील. उभ्या एसटीच्या पुढून धावणारं मूल मागून येणाऱ्या गाडीला दिसतच नाही.

उसाचा_फड

तुमच्या भागात ऊस असेल तर गळीत हंगामाची तयारी वेगळी करा. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, मागचा दिवा बंद, उसाची टोकं बाहेर. मागे लाल परावर्ती कापड किंवा पट्टी उसाच्या भाराच्या सगळ्यात मागच्या टोकाला बांधायला हवी. ट्रॉलीच्या लोखंडावरची पट्टी बाहेर आलेल्या उसाने झाकली जाते, चिखलानेही. कारखान्यांकडे आणि परिवहन कार्यालयाकडे अशा पट्ट्या वाटण्याची मोहीम असते, ग्रामपंचायतीने हंगामाआधी पत्र देऊन मागावी.

ट्रॉली पंक्चर झाली की भोवती दगड मांडतात आणि निघताना ते दगड तसेच रस्त्यात सोडतात. रात्री दुचाकीसाठी ट्रॉलीपेक्षा ते दगड जास्त घातक. गावात जॅक लावायची एक जागा रस्त्याबाहेर ठरवून द्या आणि पोलीस पाटलांना सांगून ठेवा.

सोयाबीन, तूर, ज्वारी महामार्गावर वाळत घालणं आणि मळणी करणं बंद व्हायला हवं. काड आणि दाण्यांवरून दुचाकी घसरते, ढिगावर काळी ताडपत्री टाकून वर दगड ठेवले की रात्री काहीच दिसत नाही. नुसत्या बंदीने काही होत नाही, ग्रामपंचायतीने सार्वजनिक खळं करून द्यावं. शेतातून निघालेल्या चाकांचा चिखल वळणावर पडला तर त्याच दिवशी खरवडून काढायचा, दव पडल्यावर तो साबणासारखा होतो.

सडक_मोजणी

संयुक्त पाहणीची तारीख आली की वेळ तुम्ही सुचवा : शाळा सुटायच्या अर्धा तास आधी. सकाळी अकराला अधिकारी आले तर रस्ता रिकामा असतो आणि "वाहतूक विरळ आढळली" असा शेरा लिहिला जातो. सोबत टेप, मोजणीचं चित्रण आणि नकाशाच्या चार प्रती ठेवा. साइडपट्टीचा फरक मोजताना डांबरावर सरळ फळी ठेवून ती कडेच्या बाहेर काढा आणि तिच्यापासून खाली मुरुमापर्यंत पट्टीने मोजा, दर १० मीटरला, आणि आकडा फोटोत वाचता यायला हवा. जागेवरच टिपण लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. "नंतर पाठवतो" म्हटलेलं टिपण क्वचितच येतं.

नवा थर गेल्या उन्हाळ्याचा, म्हणजे दोषदायित्वाचा (ठेकेदाराने कामातले दोष स्वखर्चाने दुरुस्त करायचा) कालावधी चालू असण्याची दाट शक्यता आहे. कामाचा कार्यारंभ आदेश, अंदाजपत्रक आणि दोषदायित्वाची मुदत माहिती अधिकारात मागा. थराच्या अंदाजपत्रकात बहुतेक वेळा साइडपट्टीच्या मुरुमाचीही बाब असते. ती असेल आणि मुरूम पडलाच नसेल, तर ठेकेदाराकडून नव्या पैशाशिवाय काम करून घेता येतं. मुरूम भरताना साइडपट्टीला बाहेरच्या बाजूला निदान ३ टक्के उतार हवा, म्हणजे दीड मीटर रुंदीला साडेचार सेंटिमीटर. सपाट ठेवली तर डांबरावरचं पाणी कडेलाच साचतं आणि कड पुन्हा तुटते.

वेगमर्यादेचा फलक ग्रामपंचायतीने स्वतः रंगवून लावू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ खालच्या अधिसूचनेशिवाय तो नुसता सल्ला राहतो, त्यावर पोलिसांना दंड करता येत नाही. म्हणून जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे मागणी करताना "कि.मी. __ ते __ वेगमर्यादा अधिसूचित करावी" हे वेगळं लिहा. लावलेले फलक दिसत राहतील हे मात्र तुम्हालाच बघावं लागेल. वाढदिवसाचा फ्लेक्स शाळेच्या फलकासमोर लागला तर तो त्याच दिवशी उतरवायचा, कोणाचाही असो.

एक महिना उत्तर नाही आलं तर "आपले सरकार" पोर्टलवर तक्रार टाका, सोबत पोचेची प्रत जोडा. त्यानंतर कार्यकारी अभियंत्यांना दुसरं पत्र. त्यात मोटार वाहन कायद्याचं कलम १९८अ लिहा : रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल यांतल्या सुरक्षेच्या मानकांत कसूर झाल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला किंवा सल्लागाराला १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. धमकीच्या सुरात नको. "धोका दिनांक __ च्या पत्राने आपल्या निदर्शनास आणलेला आहे" एवढं एक वाक्य पुरतं.

बाभळींसाठी मात्र कोणाच्या उत्तराची वाट बघू नका. वेडी बाभूळ महामार्गाच्या हद्दीत असेल तर उपविभागात तोंडी विचारून, नंतर पत्र देऊन, शाखा अभियंत्यांच्या समक्ष श्रमदानाने काढता येते. बुंध्याशी कापली तर पावसाळ्यात दुप्पट फुटते, मुळासकट उपटावी लागते. काम करताना वळणाच्या दोन्ही बाजूंना लाल झेंडा घेऊन माणूस उभा हवा, निदान १२० मीटर अलीकडे. ताशी ८० ने येणाऱ्याला गाडी थांबवायला तेवढं अंतर लागतं.